प्रथम हें उघडावें

माझ्या टेबलाविषयीं परवांपरवांपर्यंत आमच्या घरांत दोन पक्ष होते. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, तें टेबल नसून कागदांचा ढीग आहे, आणि त्या ढिगाला कालांतरानें चार पाय फुटले आहेत. या पक्षांत आमची सौ., आमची कन्या आणि रोज केरवारा करावयास येणाऱ्या बाई, असे तीन सभासद होते. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, वरवर पाहणाराला जो पसारा दिसतो त्याच्या पोटांत एक सूक्ष्म व्यवस्था आहे. मात्र ती पसारा घालणारालाच उमगते. या पक्षांत मी एकटाच होतों. पंचवीस वर्षें हा वाद चालला, आणि अल्पमतांत असूनहि मीं माझी बाजू मोठ्या निकरानें लढविली. शेवटीं त्या वादांत माझा पराभव कसा झाला, आणि त्या पराभवाचें मला वाईट कां वाटत नाहीं, हें आज सांगावयाचें आहे.

माझा युक्तिवाद कांहीं अगदींच लेचापेचा नव्हता. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें आहे. त्यामुळें माझ्या प्रत्येक दुर्गुणाला त्या वाङ्मयांत एखादा थोर सोबती सांपडतोच. कॉनन डॉईलच्या शेरलॉक होम्सचें उदाहरण घ्या. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मस्ग्रेव्ह रिच्युअल' या कथेंत डॉक्टर वॉटसननें आपल्या मित्राच्या अव्यवस्थितपणाचें जें वर्णन केलें आहे, तें मीं सौ.ला अनेकदां ऐकविलें होतें. हा चाणाक्ष गृहस्थ आपले चिरूट कोळशाच्या बादलींत ठेवी, तंबाखू इराणी जोड्याच्या टोकांत भरून ठेवी, आणि ज्या पत्रांना उत्तरें द्यावयाचीं राहिलीं असतील तीं शेगडीवरच्या लांकडी फळीला मधोमध चाकू खुपसून टोंचून ठेवी. "पाहा," मी म्हणें, "बुद्धिमान् माणसाचें सामान असेंच असावयाचें!" त्यावर सौ. भाजी निवडतां निवडतां शांतपणें विचारी, "पण त्याला बायको होती का हो?" या प्रश्नाचा रोख त्या वेळीं माझ्या ध्यानांत आला नाहीं. मला तो विषयांतराचा प्रयत्न वाटे.

टेबल माझ्या वडिलांचें. सागवानी, साडेचार फूट लांब, दोन्ही अंगांना तीन तीन खण, आणि वर चिकटविलेली बनात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असूं. ते सातारच्या कचेरींत अव्वल कारकून होते. त्यांच्या वेळीं या टेबलावर शाईची बाटली, टिपकागदाचा ठोकळा, टांचण्यांची एक पितळी डबी आणि हातांत असलेलें काम, याखेरीज कांहीं नसे. माझ्या कारकीर्दींत ती बनात मुळीं कोणत्या रंगाची होती, याविषयींच घरांत मतभेद उत्पन्न झाला. तिच्यावर उत्तरपत्रिका होत्या, परीक्षणासाठीं आलेलीं पुस्तकें होतीं, विजेच्या बिलांच्या आणि घरपट्टीच्या पावत्या होत्या, बँकेकडून आलेलीं आणि न फोडलेलीं पाकिटें होतीं. ज्या जोडप्यांचीं मुलें आतां शाळेंत जातात, त्यांच्या लग्नाच्या पत्रिका होत्या. मागल्या नंबरांचे दोन चष्मे होते. ज्यांचीं कुलुपें जगांत कोठें आहेत हें कोणालाच ठाऊक नाहीं, अशा सात किल्ल्या होत्या. आणि या सर्वांवर, पर्वताच्या शिखरावर देऊळ असावें तसा, माझा संगणक विराजमान झाला होता. त्याच्या पडद्यावरहि याच घराण्यांतला पसारा होता.

असें असूनहि मागितलेला कागद मी बहुधा काढून देत असें. 'बहुधा' या शब्दावरच माझी सारी इमारत उभी होती.

गेल्या श्रावणांतली गोष्ट. रात्रीं अकराच्या सुमारास मला छातींत कळ आली आणि दरदरून घाम सुटला. शेजाऱ्यांनीं आपल्या गाडींतून मला इस्पितळांत पोंचविलें. पुढें दोन दिवसांनीं डॉक्टरांनीं तो सारा प्रकार पित्ताचा ठरविला. पण त्या रात्रीं तें कोणालाच ठाऊक नव्हतें. दाखल करून घेतांना खिडकीमागच्या कारकुनानें विम्याचा कागद मागितला. तो मागणें हें त्याचें कामच होतें. मीं खाटेवरूनच सौ.ला सांगितलें, "टेबलावर आहे. डाव्या हाताच्या ढिगांत, मधोमध." माझ्या सूक्ष्म व्यवस्थेवर माझा तेव्हांहि विश्वास होता. ती रिक्षानें घरीं गेली. रात्रीं एकापासून पहांटे चारपर्यंत ती एकटी त्या ढिगांत शोधीत होती. कागद सांपडला नाहीं. चार वाजतां ती परत आली, आपल्या खात्यांतले पैसे भरले, आणि माझ्या उशाशीं येऊन बसली. त्या रात्रीं ती मला एक अक्षरहि बोलली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मी घरीं आलों. टेबलाकडे पाहिलें, तर तें जसेंच्या तसें! ज्या ढिगांत तीन तास हात घातला होता, तो तिनें एकेक कागद होता त्या जागीं ठेवून पुन्हां रचला होता. पंचवीस वर्षें जिचा माझ्या व्यवस्थेवर काडीचा विश्वास नव्हता, तिनें अशा रात्रींसुद्धां ती व्यवस्था मोडली नव्हती. मी त्या ढिगाकडे पाहत बराच वेळ उभा राहिलों.

आणखी चार दिवसांनीं सकाळचा चहा घेतांना ती आपण होऊन बोलली. "अहो, कागद सांपडला नाहीं याचें मला कांहीं वाटलें नाहीं. पैसे होते, भरले. पण शोधतां शोधतां एकच मनांत येत होतें. हें कोठें आहे तें कोठें आहे, हें आज तुम्हांला विचारतां येतें म्हणून ठीक. विचारावयाला तुम्हीच नसलांत, तर मी कोणाला विचारूं?"

होम्सला बायको नव्हती. मुद्दा तो होता.

दिवाळीच्या सुटींत टेबल आवरावयाचें असें मीं ठरविलें. असें मीं पूर्वींहि अनेकदां ठरविलें होतें. पण या वेळीं पहिल्याच सकाळीं एक गोष्ट घडली. सर्वांत खालचा, उजव्या हाताचा खण कित्येक वर्षें उघडला नव्हता. तो पाण्यानें फुगून बसला होता. ओढून काढला तेव्हां आंत तांबड्या खारव्याचा एक रुमाल घडी करून ठेवलेला दिसला, आणि त्या घडींत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर अण्णांचें वळणदार अक्षर : 'प्रथम हें उघडावें.'

अण्णा २००९ सालीं गेले. त्यांचे दिवस झाल्यावर आईनें हाच खण उघडला होता. तेव्हां त्या रुमालांत एक दप्तर बांधलेलें होतें, आणि त्यावर ही चिठ्ठी टांचलेली होती. आंत सतरा कागद होते, आणि सतराहि कागदांची दीड पानाची यादी. निवृत्तिवेतनाचा हुकूम कोणता, आईला कुटुंबाचें निवृत्तिवेतन मिळण्यासाठीं अर्ज कोणत्या कचेरींत करावयाचा, त्याला काय काय जोडावयाचें, गांवच्या जमिनीचा सात-बारा कोठें आहे आणि वारसाची नोंद करून घेण्यासाठीं तलाठ्याकडे काय द्यावें लागेल, हें सारें क्रमानें लिहिलेलें होतें. शेवटची ओळ अशी होती कीं, वाण्याचें चालूं महिन्याचें बिल द्यावयाचें आहे, तें विसरूं नये. आई चौथी शिकलेली. पण तें दप्तर कांखेंत घेऊन ती स्वतः कचेरींत गेली. विचारलेला प्रत्येक कागद तिनें विचारतांक्षणीं काढून दिला. मी इंग्रजीचा प्राध्यापक तिच्याबरोबर रिक्षांत बसण्यापुरता होतों. परत येतांना ती म्हणाली, "आज दिवसभर ते बरोबरच होते." त्या वेळीं तें वाक्य मला केवळ भावनेचें वाटलें होतें. आतां कळतें कीं, तें अक्षरशः खरें होतें.

खरें सांगावयाचें तर, अण्णांच्या या टापटिपीला मी तरुणपणीं मनांतल्या मनांत हंसत असें. आमच्या सुशिक्षित वर्गांत 'कारकुनी' हा शब्द आपण किती सहज तुच्छतेनें वापरतों! ज्याला कल्पना नाहीं, प्रतिभा नाहीं, त्याची वृत्ति कारकुनी, असें आपण म्हणतों. पण ज्या इतिहासाचा आपण अभिमान बाळगतों तो आपल्यापर्यंत आला तो कारकुनांच्या हातून, हें आपण सोयीस्करपणें विसरतों. अण्णा सातारचे; वाईजवळच्या मेणवलीचा वाडा त्यांनीं मला लहानपणीं दाखविला होता. घाटावरची मोठी घंटा पाहून मी हरखून गेलों; पण अण्णा सांगत होते तें नाना फडणिसाच्या त्या वाड्यांत असलेल्या दप्तराविषयीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादून बाहेर काढले. राजवाड्यांनीं तर गांवोगांव हिंडून जुन्या घराण्यांचीं दप्तरें धुंडाळलीं, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवानें बावीस खंड प्रसिद्ध केले. या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं कोण होता? कोणी एक अनामिक कारकून, ज्यानें आपल्यापुढचा कागद काम संपल्यावर भिरकावून न देतां घडी घालून, वर तपशील लिहून, रुमालांत बांधला. 'रुमाल' हा शब्द आतां खिशांत गेला आणि 'दप्तर' शाळकरी मुलांच्या पाठीवर गेलें. पण एके काळीं हे दोन शब्द राज्याचा कणा होते.

टेबलावरच्या टापटिपीचें मर्म अण्णांनीं मला एकदां एका वाक्यांत सांगितलें होतें. मी कॉलेजांत होतों. संध्याकाळीं कचेरींतून येण्यास त्यांना उशीर झाला, म्हणून मीं विचारलें, "काम संपलें, मग उगीच कागद लावीत कां बसतां?" ते म्हणाले, "बदलीचा हुकूम संध्याकाळीं येतो रे. चार्ज सकाळीं द्यावा लागतो. माझ्या खुर्चीवर उद्यां कोण येऊन बसेल तें मला ठाऊक नाहीं. पण जो कोणी येईल त्याला माझ्यावांचून अडतां कामा नये."

फुगलेला खण मांडीवर घेऊन बसलों असतां हें वाक्य मला कित्येक वर्षांनीं आठवलें, आणि माझ्या सूक्ष्म व्यवस्थेंतलें वैगुण्य नेमकें कोठें होतें तें उमगलें. ती व्यवस्था माझ्यापुरती होती. पंडित आपले कागद स्वतःसाठीं मांडतो. कारकून ते दुसऱ्यासाठीं लावतो, कारण आपली बदली व्हावयाची आहे हें त्याला पक्कें ठाऊक असतें. आणि बदली कोणाची व्हावयाची नाहीं?

मग मीं कामाला आरंभ केला. सारें टेबल खालीं सतरंजीवर उतरविलें आणि तीन वाटे केले : टाकावयाचे, ठेवावयाचे आणि उत्तर द्यावयाचे. पहिला दिवस टाकण्यांत गेला. टाकण्याच्या कामांत मोठा धोका वाचण्याचा आहे. एखादी जुनी कार्यक्रमपत्रिका हातीं येते, तींत आपलें नांव दिसतें, आणि अर्धा तास केव्हां गेला तें कळत नाहीं. म्हणून मीं नियम केला कीं, उभ्यानें पाहावयाचें, बसून वाचावयाचें नाहीं. त्या नियमाचा लाभ असा झाला कीं, संध्याकाळीं रद्दीवाल्याच्या कांट्यावर सदतीस किलो भरले. आपल्या व्यासंगाला एवढें वजन आहे हें मला प्रथमच समजलें.

दुसरा दिवस ठेवावयाच्या कागदांचा. त्या दिवशीं मला नवल वाटलें तें असें कीं, जे खरोखर ठेवलेच पाहिजेत असे कागद फार थोडे निघाले. घराचें खरेदीखत, गांवच्या जमिनीचा सात-बारा, जन्माचे आणि लग्नाचा दाखले, विमा, भविष्यनिर्वाह निधीचीं पत्रें, बँकेचीं पासबुकें; सारे मिळून एका जाड फायलींत मावले. बाकीचे नुसते त्यांना झांकण्याचें काम करीत होते. न फोडलेल्या पाकिटांत एक पाकीट निघालें तें माझ्या पहिल्या नोकरीच्या गांवच्या बँकेचें. तेथें माझें एक खातें आहे हें मी साफ विसरलों होतों. माझ्यासारखे विसराळू लोक देशांत इतके आहेत कीं, त्यांच्यासाठीं सरकारदरबारीं तरतूद करावी लागली आहे. दहा वर्षें ज्या खात्याला कोणी हात लावीत नाहीं, त्यांतली रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेच्या एका निधींत भरावी लागते. २०१४ सालीं हा ठेवीदारांच्या शिक्षणाचा आणि जागृतीचा निधि उभारण्यांत आला. रक्कम बुडत नाहीं. खातेदाराला किंवा त्याच्या वारसाला ती बँकेकडे मागतां येते. अशा ठेवी शोधतां याव्यात म्हणून २०२३ सालीं रिझर्व्ह बँकेनें 'उद्गम' नांवाचें एक संकेतस्थळहि सुरूं केलें. पण मागण्यासाठीं आधीं ठाऊक तर असावें लागतें! माझ्या त्या खात्यांत रक्कम अगदींच क्षुल्लक होती. तथापि पाकीट हातांत धरून मी विचार करीत राहिलों. मला ठाऊक नसलेलें हें खातें सौ.ला कोठून ठाऊक होणार? हल्लीं तर बँकेचीं निम्मीं पत्रें पाकिटांतून येतच नाहींत; तीं संगणकांत किंवा फोनमध्यें येतात, आणि तेथला ढीग डोळ्यांना दिसतहि नाहीं. कागदाचा पसारा निदान केर काढणाऱ्या बाईंच्या तरी लक्षांत येतो.

आणि तो विम्याचा कागद? तोहि त्या दिवशीं सांपडला. डाव्या हाताच्या ढिगांत नव्हता, उजव्याहि नव्हता. पालग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी'मध्यें, पानांच्या बरोबर मधोमध, घडी न पडतां होता. महत्त्वाचा कागद हरवूं नये म्हणून मीं तो मुद्दाम नीट ठेवला होता! सौ.ला दाखविला तेव्हां ती हंसली. तें तिचें हंसूं पाहून मला फार बरें वाटलें.

तिसरा दिवस मात्र बरा गेला नाहीं. तो उत्तर द्यावयाच्या कागदांचा दिवस होता. बहुतेक पत्रांचें उत्तर काळानेंच देऊन टाकलें होतें. सभा होऊन गेल्या होत्या, वर्गण्या बुडाल्या होत्या, एका गृहस्थांनीं सल्ला विचारला होता ते स्वतःच निवर्तले होते. शेवटीं एक लांब पाकीट राहिलें. आंत चाळीस पानें आणि एक पत्र. पत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें, सहा वर्षांपूर्वींचें. तो कोंकणांतल्या एका खेड्यांत शाळेवर आहे. हार्डीची एक कथा मीं वर्गांत शिकविली होती. ती त्यानें आपल्या मालवणी बोलींत आणली होती. पत्रांत त्यानें एवढेंच लिहिलें होतें कीं, यांत कांहीं आहे कीं नाहीं तें सरांनीं स्पष्ट सांगावें; नसेल तर वाईट वाटणार नाहीं.

मला सारें आठवलें. पाकीट आलें त्याच संध्याकाळीं मीं पहिलीं दहा पानें वाचलीं होतीं. तीं चांगलीं होतीं. चांगलीं म्हणजे, इंग्लंडांतल्या त्या माळावरचे शेतकरी मालवणींत बोलूं लागल्यावर अधिकच खरे वाटत होते. म्हणून तर मीं ठरविलें कीं, याला चार ओळींचें उत्तर द्यावयाचें नाहीं. सगळें वाचून, टिपणें काढून, सविस्तर लिहावयाचें. विसरूं नये म्हणून पाकीट ढिगाच्या अगदीं वर ठेवलें. दुसऱ्या दिवशीं त्याच्यावर उत्तरपत्रिका आल्या.

टेबलावरचा ढीग आळसाचा असतो असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. माझ्या ढिगांत उपेक्षेनें पडलेले कागद थोडे होते. जे होते ते बहुतेक सदिच्छेचे होते. चांगलें करीन म्हणून राहिलेलें, सवडीनें करीन म्हणून राहिलेलें, असें सारें तें होतें. ज्याची आपल्याला पर्वा नसते तो कागद आपण केव्हांच टाकून देतों. ज्याची पर्वा असते तोच ढिगांत जातो. उत्तर उत्तम द्यावयाचें होतें, म्हणून उत्तरच दिलें गेलें नाहीं. मी माझ्या उत्तमपणाची जोपासना करीत असतां तिकडे एक तरुण रोज टपालवाल्याची वाट पाहत होता. माझ्या मनांतली सदिच्छा त्याला कशी दिसणार? त्याला दिसत होतें तें मौन.

त्या रात्रीं मीं उरलेलीं तीस पानें वाचलीं आणि त्याला पत्र लिहिलें. क्षमा मागितली. काय आवडलें तें लिहिलें. दोन ठिकाणीं शब्द खटकले तेहि लिहिले. दहा दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. उत्तर देण्यास त्यानें एक दिवसहि लावला नव्हता, हें त्यावरच्या तारखेवरून दिसत होतें. पत्र फार सुजनतेचें होतें. पण त्यांत एक वाक्य होतें : "आपलें उत्तर आलें नाहीं तेव्हां तेंच उत्तर असें मी समजलों, आणि पुढें लिहिणें सोडून दिलें." माझें पत्र त्यानें आपल्या घरच्यांना वाचून दाखविलें होतें. पुन्हां लिहीन असें मात्र त्यानें कोठें म्हटलेलें नाहीं, आणि तसा आग्रह करण्याचा अधिकार मला उरलेला नाहीं. सहा वर्षांचा कालावधि रद्दीवाल्याच्या कांट्यावर घालतां येत नाहीं.

टापटीप हा एक सद्गुण आहे असें आपण मुलांना शिकवितों, आणि तो सद्गुण खोली सुंदर दिसण्यासाठीं आहे असें त्यांना वाटूं देतों. मला आतां वाटतें कीं, ती एक प्रकारची माणुसकी आहे. आपल्या टेबलावरच्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी उभें असतें. कोणी आज उभें असतें, उत्तराची वाट पाहत; कोणी उद्यां उभें राहणार असतें, आपल्यामागें, आपल्याला विचारतां न आल्यामुळें भांबावलेलें. ढीग कागदांचा दिसला तरी त्याच्याखालीं माणसें दबलेलीं असतात.

सुटीच्या शेवटच्या दिवशीं मीं एक दोनशें पानी वही आणली आणि अण्णांच्या पद्धतीनें यादी केली. कागद कोणता, कोठें आहे, कोणाला विचारावें, किती तारखेला काय भरावें लागतें. संगणकांत काय आहे आणि तें कसें उघडावें, हें कन्येनें बेंगळूरहून फोनवर मला शिकवून माझ्याच हातून लिहवून घेतलें. मृत्युपत्र अद्याप केलेलें नाहीं, तें करावयाचें आहे, असेंहि लिहिलें. वही आणि फाईल अण्णांच्या त्याच तांबड्या रुमालांत बांधली. वर त्यांचीच चिठ्ठी टांचली. तींत एक अक्षरहि बदलण्याचें कारण नव्हतें.

रात्रीं सौ.ला बोलावून मीं तो रुमाल दाखविला. तिनें यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोन ठिकाणीं माझ्या तारखा दुरुस्त केल्या, आणि उठून आंत गेली. मला वाटलें तिला वाईट वाटलें. पण ती परत आली ती बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन. "हें माझें," ती म्हणाली, "तुम्ही कधीं विचारलें नाहीं, म्हणून सांगितलें नाहीं." डब्यांत तिच्या नोकरीचे कागद, तिचें पासबुक, तिच्या आईनें दिलेल्या पाटल्यांची पावती, कन्येच्या सर्व परीक्षांचीं प्रमाणपत्रें आणि माझ्या श्रावणांतल्या इस्पितळाच्या पावत्या, सारें ओळीनें लावलेलें होतें. वर एक यादीहि होती. बदलीचा हुकूम आपल्यालाच यावयाचा आहे असें मी आजवर धरून चाललों होतों. तिलाहि तो येऊं शकेल, आणि मग कोणता कागद कोठें आहे हें मला ठाऊक नसेल, ही गोष्ट माझ्या मनाला कधीं शिवलीच नव्हती. आम्हीं डबा आणि रुमाल एकाच खणांत ठेवले. तो खण आतां फुगत नाहीं. सुताराकडून रंधून घेतला आहे.

बनातीचा रंग हिरवा निघाला. कन्येच्या मतें तो निळा होता, त्यामुळें त्या एका मुद्द्यावर तरी विजय माझा आहे.

टेबल अजून कांहीं अण्णांच्या टेबलासारखें झालेलें नाहीं. आज हा लेख लिहितांनाहि त्याच्यावर नऊ कागद आहेत, आणि केर काढणाऱ्या बाईंनीं ते मोजले आहेत असा मला संशय आहे. लेख पुन्हां एकदां वाचावा, कांहीं ठिकाणीं सुधारावा, सवडीनें अधिक चांगला करावा, असें फार मनांत येत आहे. पण तें मनांत येतें आहे म्हणूनच तो आतां पाकिटांत घालून संपादकांकडे पाठवीत आहें. त्यांनीं लेख कधीं देतां म्हणून विचारलें त्याला आज चवथा दिवस आहे.